लघवीतून रसायनांचा माग: बायोमॉनिटरिंग सेवा घेण्याआधी काय तपासून घ्यावं

कारखान्यात सॉल्व्हंट, जड धातू, रंग किंवा रेझिन हाताळणाऱ्यांच्या शरीरात रसायन किती गेलं, हे लघवी तपासून सांगणारी सेवा सध्या तीन रूपांत मिळते. पहिली औद्योगिक आरोग्याचं काम करणाऱ्या लॅबची. कारखाना किंवा त्याचे डॉक्टर ती मागवतात आणि ठरावीक रसायनासाठी ठरावीक मार्कर, म्हणजे ते रसायन किंवा शरीरात त्यापासून बनणारा पदार्थ, मोजला जातो. दुसरी म्हणजे घरपोच किट. बाटली येते, भरून परत पाठवायची, आणि पन्नास-शंभर 'विषारी' पदार्थांचा रंगीत तक्ता ईमेलवर येतो. तिसऱ्या प्रकारात, म्हणजे 'चॅलेंज' चाचणीत, शरीरातले धातू ओढून काढणारं औषध आधी देतात आणि मग लघवी तपासतात. पहिली सेवा नीट घेतली तर पैसे वसूल होतात. दुसरी फार थोड्या प्रसंगी उपयोगी पडते. तिसरी कुणीही घेऊ नये, त्याची कारणं पुढे दिली आहेत.

'नीट घेतली तर' ही अट मोठी आहे. कोणता मार्कर मोजायचा, नमुना कधी घ्यायचा आणि आलेला आकडा कशाशी ताडायचा, हे बाटली हातात घेण्याआधीच ठरलेलं असावं लागतं. यातलं एक जरी राहिलं तरी लाखमोलाच्या यंत्रातून आलेला आकडा वाचता येत नाही. त्यामुळे लॅबकडे कोणतं यंत्र आहे यापेक्षा ऑर्डर घेताना ती काय विचारते, यावरून तिची किंमत करावी. 'कामगार नेमकं काय हाताळतात, शिफ्ट किती तासांची, आठवड्याचा कितवा दिवस, हातमोजे कोणते' असे प्रश्न विचारणारी लॅब कामाची. 'टॉक्सिन पॅनेल हवं की मेटल पॅनेल' एवढंच विचारणारी लॅब टाळावी.

हवेची मोजणी असताना हे कशाला?

हवेची मोजणी नाकातोंडाजवळ किती रसायन आहे ते सांगते. कातडीतून आत गेलेलं, न धुतलेल्या हातांनी जेवताना पोटात गेलेलं, नीट न बसलेल्या मास्कच्या कडेतून आलेलं, यातलं काहीही तिच्या हिशोबात येत नाही. जड काम करणारा माणूस बसून काम करणाऱ्याच्या कितीतरी पट हवा ओढतो, तेही तिला दिसत नाही. लघवीतला मार्कर मात्र सगळ्या वाटांची बेरीज करूनच बाहेर येतो.

डायमिथाइलफॉर्मामाइड, म्हणजे डीएमएफ, हे याचं सर्वात स्पष्ट उदाहरण आहे. कृत्रिम चामड्याचं कोटिंग, अ‍ॅक्रिलिक धागा, औषधनिर्मिती अशा ठिकाणी ते लागतं. यकृतावर त्याचा परिणाम होतो आणि संपर्कात आलेल्या माणसाने दारू घेतली तर चेहरा लालबुंद होतो. हे द्रव कातडीतून सहज आत शिरतं, वाफसुद्धा शिरते. हवेचा आकडा मर्यादेच्या खूप खाली असताना एन-मिथाइलफॉर्मामाइड हा लघवीतला मार्कर वर आला, तर पहिला संशय हातमोज्यांवर घ्यायचा. नेहमीचे पातळ नायट्राइल मोजे डीएमएफपुढे काही मिनिटांतच हरतात. मोजा फाटत नाही, आतून ओलाही लागत नाही, तरी रसायन त्यातून पार होतं. इथे ब्यूटाइल रबरचे मोजे लागतात. मोजे बदलून पुन्हा नमुने घेतले की फरक आकड्यांतच दिसतो. असा पुरावा दुसऱ्या कोणत्याही तपासणीतून इतक्या सरळ मिळत नाही, म्हणून कातडीतून जाणाऱ्या रसायनांसाठी ही सेवा जवळजवळ अनिवार्य मानावी. पॉलियुरेथेन कडक करायला वापरलं जाणारं मोका, अ‍ॅनिलिन, डांबर-क्रिओसोटमधले बहुचक्री हायड्रोकार्बन हीसुद्धा याच जातकुळीतली.

मार्कर चुकला की सगळं चुकलं

टोल्युइनपासून सुरुवात करू, कारण जुने पॅकेज इथे हमखास उघडे पडतात. टोल्युइनसाठी अनेक लॅब अजून हिप्युरिक अ‍ॅसिड मोजून देतात. चाचणी सोपी आणि स्वस्त आहे, एवढंच त्याचं कारण. पण हिप्युरिक अ‍ॅसिड प्रत्येकाच्या लघवीत असतंच. फळं, चहा आणि सोडियम बेंझोएट घातलेली पेयं-लोणची यांतून ते भरपूर बनतं. टोल्युइनची हवेतली मर्यादा जास्त होती तेव्हा हा गोंधळ खपून जात असे. कामाच्या ठिकाणच्या मर्यादा सुचवणाऱ्या अमेरिकेतल्या एसीजीआयएच या संस्थेने २००७ मध्ये ती मर्यादा ५० वरून २० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) आणली, आणि तेवढ्या कमी पातळीवर जेवणातलं कोणतं आणि कामातलं कोणतं हे हिप्युरिक अ‍ॅसिडला वेगळं दाखवता येईना. पुढे त्या संस्थेने हा मार्कर यादीतूनच काढला. आता शिफ्टच्या शेवटी ऑर्थो-क्रेसॉल मोजतात, मर्यादा ०.३ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन (स्नायूंतून बनून लघवीत जाणारा टाकाऊ पदार्थ, त्याने का भागतात ते पुढे येईल). किंवा लघवीतलं टोल्युइनच थेट मोजतात, मर्यादा ०.०३ मिलिग्रॅम प्रति लिटर. ऑर्थो-क्रेसॉल सिगारेटच्या धुरातूनही येतं, तेव्हा धूम्रपानाची नोंद हवीच. थेट टोल्युइन मोजायचं तर नमुना तिथल्या तिथे घट्ट झाकणाच्या हेडस्पेस वायलमध्ये, म्हणजे हवाबंद छोट्या कुपीत, घालावा लागतो. अर्धवट भरलेल्या साध्या बाटलीत ते झाकणाखालच्या हवेत उडून जातं आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

बेंझीनचं तर याहून बारकाईने बघावं लागतं. जुना मार्कर फिनॉल. तो काही पीपीएमच्या खाली काहीच सांगत नाही, आणि आज कोणत्याही बऱ्या कारखान्यात बेंझीन त्याच्या खालीच असायला हवं. मग उरतात दोन: ट्रान्स-ट्रान्स म्युकॉनिक अ‍ॅसिड आणि एस-फिनाइल मरकॅप्ट्युरिक अ‍ॅसिड, म्हणजे एसपीएमए. म्युकॉनिक अ‍ॅसिडची अडचण सॉर्बिक अ‍ॅसिड आणि पोटॅशियम सॉर्बेट या परिरक्षकांमुळे होते. चीज, पाकिटातले केक, जाम, सरबतं यांत ते सर्रास असतात, आणि पोटात गेलेल्या सॉर्बिक अ‍ॅसिडचा छोटा हिस्सा म्युकॉनिक अ‍ॅसिड होऊन बाहेर पडतो. बेंझीनचा संपर्क मोठा असेल तर हा हिस्सा नगण्य ठरतो. कमी पातळीवर मात्र आदल्या जेवणाचा आकडा बेंझीनच्या खात्यावर चढतो. एसपीएमएला खाण्याचा त्रास नाही, म्हणून कमी पातळीवर तोच मागावा. त्याची अनेक वर्षं वापरात असलेली मर्यादा २५ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन. बेंझीनच्या मर्यादा सगळीकडे सतत खाली येत आहेत, त्यामुळे रिपोर्टवर मर्यादेसोबत ती कोणत्या वर्षाच्या यादीतली आहे हेही छापलेलं असावं.

एसपीएमएची एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही. लघवीत तयार एसपीएमएसोबत त्याचं आधीचं रूपही असतं. नमुना आम्लात घातला की ते रूप एसपीएमएत बदलतं. किती आम्ल घातलं, पीएच कितीवर आणला, यावर अंतिम आकडा ठरतो. एकाच बाटलीचे दोन भाग दोन लॅबना दिले तर पीएच वेगळा असल्यामुळेच आकडे कितीतरी वेगळे येऊ शकतात. तेव्हा लॅब मध्येच बदलू नये, आणि बदलावीच लागली तर पूर्वतयारीचा पीएच लेखी विचारून घ्यावा. शिवाय जीएसटीटी-१ हे जनुक ज्यांच्यात नसतं त्यांच्यात एसपीएमए मुळातच कमी बनतं. त्यामुळे एकट्या माणसाचा कमी आकडा म्हणजे कमी बेंझीन असं धरून चालत नाही, गट बघायचा.

अ‍ॅनिलिनचा मार्कर पॅरा-अमिनोफिनॉल. नमुन्याआधी पॅरासिटामॉल घेतलं असेल तर तोच पदार्थ लघवीत भरभरून सापडतो. डोकेदुखी हे अ‍ॅनिलिनच्या विषबाधेचंही लक्षण आहे, म्हणजे नेमका ज्याचा नमुना महत्त्वाचा, तोच माणूस गोळी घेऊन आलेला असण्याची शक्यता जास्त. प्रश्नावलीत 'गेल्या दोन दिवसांत पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅस्पिरिन घेतलं का' हा प्रश्न नसेल तर ती प्रश्नावली अपुरी. अ‍ॅस्पिरिन अशासाठी की ते झायलीनच्या मार्करची वाट अडवतं: मिथाइलहिप्युरिक अ‍ॅसिड बनायला लागणारं ग्लायसीन अ‍ॅस्पिरिनही वापरतं आणि आकडा खाली जातो. दारूही टोल्युइन, झायलीन, ट्रायक्लोरोइथिलीन यांचं शरीरातलं विघटन मंदावते आणि संपर्क झालेला असताना मार्कर कमी दाखवते.

आर्सेनिकसाठी 'एकूण आर्सेनिक' देणारा रिपोर्ट परत पाठवावा. मासे-कोळंबीतलं आर्सेनोबीटेन बिनविषारी असतं, एक-दोन दिवसांत जसंच्या तसं लघवीतून जातं, आणि तेवढ्याने एकूण आकडा कित्येक पटींनी फुगतो. हवं ते अजैविक आर्सेनिक अधिक त्याची मिथाइल रूपं, वेगवेगळी मोजून. एसीजीआयएचची मर्यादा ३५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, कामाच्या आठवड्याच्या शेवटी. वेगळं मोजलं तरी नमुन्याआधी तीन-चार दिवस मासे, शिंपले, समुद्री शेवाळ बंद ठेवावंच, कारण शेवाळ-शिंपल्यांतल्या आर्सेनोशुगरपासून डायमिथाइल रूप बनतं आणि ते मोजणीत मिसळतं.

काही पदार्थांसाठी लघवी मागणंच चूक. शिशासाठी रक्त. कार्बन मोनॉक्साइडसाठी रक्त किंवा श्वास. क्लोरीन, अमोनिया, आम्लांच्या वाफा जिथे लागतात तिथेच इजा करतात. सिलिका आणि अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसात बसतात. यांचं पॅनेल लघवीवर विकणाऱ्याकडून काहीच घेऊ नये. पाऱ्याची वाफ आणि त्याचे क्षार लघवीत नीट दिसतात, मर्यादा २० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम क्रिएटिनिन, शिफ्टच्या आधी. माशांतला मिथाइल पारा मात्र रक्तात आणि केसांत बघायचा असतो.

वेळ

अर्धायुष्य, म्हणजे शरीरातलं रसायन निम्म्यावर यायला लागणारा काळ, यावर नमुन्याची वेळ ठरते. दोन तासांपेक्षा कमी अर्धायुष्य असेल तर आकडा इतक्या वेगाने बदलतो की त्यावर विसंबता येत नाही. दोन ते दहा तास असेल तर शिफ्ट संपताच. दहा ते शंभर तास असेल तर आठवड्याच्या शेवटच्या शिफ्टनंतर, कारण सोमवारपासून साठत जाऊन तेव्हा ते कळसाला पोचतं. त्याहून जास्त असेल तर कधीही. म्युकॉनिक अ‍ॅसिडचं अर्धायुष्य पाचेक तास आणि एसपीएमएचं नऊ तासांच्या आसपास, म्हणून बेंझीनचा नमुना शिफ्टच्या शेवटी. ट्रायक्लोरोइथिलीनपासून बनणारं ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड दोन-चार दिवस रेंगाळतं, म्हणून आठवड्याच्या शेवटी. कॅडमियम मूत्रपिंडात दहा ते तीस वर्षं राहतं. तिथे वेळ गौण.

प्रत्यक्षात सर्वात जास्त नमुने इथेच वाया जातात. वार्षिक आरोग्य तपासणीचं पथक सकाळी येतं, रक्तातली साखर आणि लघवी एकाच फेरीत घेतं, आणि रात्रभर विश्रांती घेतलेल्या माणसाच्या लघवीत सॉल्व्हंट शोधलं जातं. आकडे सुंदर येतात. रिपोर्टवर नमुन्याची तारीखच नव्हे तर तास-मिनिटं, शिफ्ट सुरू आणि संपल्याची वेळ आणि त्या दिवशीचं काम हे सगळं असायला हवं. हे नसलेला सॉल्व्हंटचा रिपोर्ट कोणत्याही निर्णयासाठी वापरू नये. त्या दिवशी टाकी धुणं, फिल्टर बदलणं यांसारखं काम नव्हतं तर तेही लिहावं, कारण मोठा संपर्क बहुतेक अशाच कामांत होतो.

बाटली

चांगल्या किटमध्ये काय असतं ते सविस्तर सांगतो. धातूंसाठी पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिइथिलीनची रुंद तोंडाची बाटली, सौम्य नायट्रिक अ‍ॅसिडने धुतलेली, झाकण बिनरंगी आणि रबरी वायसर नसलेलं. रंगीत झाकणातून आणि रबरातून धातू उतरू शकतात, रबरातून खासकरून जस्त. त्या बॅचच्या दोन-चार रिकाम्या बाटल्या लॅबने स्वतः तपासलेल्या असाव्यात. मागितलं तर चांगली लॅब तो कागद देते. आयसोसायनेटच्या (पॉलियुरेथेन बनवायला लागणारी रसायनं) काही किटमध्ये बाटलीच्या तळाशी सायट्रिक अ‍ॅसिडचे पांढरे दाणे असतात. बाटली घाण आहे समजून लोक ती विसळून टाकतात. ते परिरक्षक आहे, तसंच ठेवायचं, आणि हे बाटलीवर ठळक छापलेलं हवं.

नमुना देण्याची जागा खात्यापासून दूर असावी. आधी कामाचे कपडे उतरवायचे, शक्य असेल तर अंघोळ, निदान कोपरापर्यंत साबणाने हात धुवून कोरडे करायचे, आणि मगच झाकण उघडायचं. क्रोमियम, निकेल, कॅडमियम यांच्या बाबतीत बोटावरून बाटलीत पडलेला धुळीचा एक कण शरीरातून आलेल्या सगळ्या धातूपेक्षा जास्त भरू शकतो. झाकण ठेवायचंच झालं तर आतली बाजू वर करून स्वच्छ कागदावर. जंतुनाशक पुसणी वापरू नये. ती जंतुसंसर्गाच्या तपासणीसाठी असते, इथे तिच्यातली रसायनंच नमुन्यात उतरतात. तीस ते पन्नास मिलिलिटर पुरतं. गोठवायचं असेल तर बाटली काठोकाठ भरू नये, नाहीतर झाकण फुटतं.

मग लगेच चार अंशांवर. एक-दोन दिवसांत लॅबला पोचणार नसेल तर उणे वीस अंशांवर गोठवून, आणि वाटेतही तसंच. कुरिअरने शुक्रवारी पाठवलेली बाटली शनिवार-रविवार गोदामात गरम होते, म्हणून पाठवणी आठवड्याच्या सुरुवातीला ठेवावी. थंडीत लघवीत गाळ बसतो आणि धातूंचा काही भाग त्या गाळात जातो. लॅबने नमुना खोलीच्या तापमानाला आणून जोरात हलवूनच भाग काढावा. वरचं निवळ पाणी काढून मोजलं तर आकडा कमी येतो.

कॅडमियमसोबत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन मागवलं असेल तर वेगळी काळजी. मूत्रपिंडाच्या नलिकांना इजा झाली की हे प्रथिन लघवीत वाढतं, पण आम्लधर्मी लघवीत ते मूत्राशयातच तुटायला लागतं. म्हणून आधी मूत्राशय रिकामं करायचं, भरपूर पाणी प्यायचं, पुढच्या तासाभरात नमुना द्यायचा आणि लगेच त्याचा पीएच ६ ते ८ मध्ये आणायचा. पीएचची नोंद नसलेला बीटा-२ चा 'नॉर्मल' रिपोर्ट मूत्रपिंड ठणठणीत असल्याचा पुरावा ठरत नाही.

रिपोर्ट वाचताना

लघवी कधी पातळ, कधी घट्ट. ती तफावत काढायला क्रिएटिनिनने भागतात. दोन कामगारांचे ऑर्थो-क्रेसॉलचे आकडे धरू. पहिल्याचं ०.१८ मिलिग्रॅम प्रति लिटर, क्रिएटिनिन ०.४ ग्रॅम प्रति लिटर. दुसऱ्याचं ०.४० मिलिग्रॅम, क्रिएटिनिन २.० ग्रॅम. नुसतं लिटरमागे पाहिलं तर दुसरा धोक्यात दिसतो. भागाकार केल्यावर पहिल्याचं ०.४५ मिलिग्रॅम प्रति ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या दीडपट, दुसऱ्याचं ०.२०, मर्यादेच्या आत. पहिल्याने दिवसभर भरपूर पाणी प्यायलं होतं, इतकंच. क्रिएटिनिन ०.३ पेक्षा कमी किंवा ३.० ग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त असेल तर नमुना रद्द करून दुसरा घ्यायचा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत बहुतेक ठिकाणी पाळतात. रद्द नमुन्याचा आकडा तळटीप देऊन खपवणाऱ्या लॅबपासून सावध राहावं.

क्रिएटिनिन स्नायूंवर, वयावर, मांसाहारावर अवलंबून असतं. पीळदार तरुणाचा आणि सडपातळ ज्येष्ठाचा आकडा ताडताना हे लक्षात ठेवायचं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर क्रिएटिनिनऐवजी विशिष्ट गुरुत्व बघितलेलं बरं, तिथे १.०१० ते १.०३० ही चालणारी मर्यादा. मिथेनॉल किंवा एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) यांसारखी पाण्यासोबत सहज पसरणारी रसायनं मात्र थेट लिटरमागेच मोजायची, त्यांना क्रिएटिनिनने भागलं तर उलट चूक वाढते.

एककांवरही नजर ठेवावी. ब्रिटनच्या एचएसई या कामाच्या ठिकाणची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचे आकडे मायक्रोमोल प्रति मोल क्रिएटिनिनमध्ये असतात. त्या आकड्याला पदार्थाच्या रेणुभाराने गुणून ११३.१ ने भागलं की मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम मिळतं. मोकाची मार्गदर्शक पातळी १५ मायक्रोमोल प्रति मोल. रेणुभार २६७ धरला तर साधारण ३५ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. बहुचक्री हायड्रोकार्बनचा मार्कर असलेल्या १-हायड्रॉक्सीपायरीनची ४ म्हणजे पावणेआठच्या जवळ. एका एककातला आकडा दुसऱ्या एककातल्या मर्यादेशी ताडलेले रिपोर्ट खरंच येतात, म्हणून हा भागाकार स्वतः करून बघावा.

आता सर्वात महत्त्वाचं: 'मर्यादा' या एकाच शब्दाखाली चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एसीजीआयएचचे निर्देशांक निरोगी कामगारांसाठी, बहुतांशी हवेतल्या मर्यादेएवढ्या संपर्कात लघवीत काय दिसेल त्यावर बेतलेले. एचएसईचे मोका, आयसोसायनेट आणि १-हायड्रॉक्सीपायरीनचे आकडे आरोग्यावर बेतलेले नाहीत. चांगली काळजी घेणाऱ्या कारखान्यांत नव्वद टक्के नमुने ज्याच्या खाली असतात तो आकडा. तो ओलांडला म्हणजे माणूस आजारी पडेल असं नाही, तर इतरांना जमतं ते इथे जमलेलं नाही. तिसरे संदर्भ आकडे, सामान्य जनतेतल्या ९५ टक्के लोकांत ज्याच्या खाली आढळतं ते. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या सर्वेक्षणातून असे आकडे मिळतात. हे फक्त 'इतरांपेक्षा जास्त' एवढंच सांगतात. चौथे जर्मनीच्या मानवी बायोमॉनिटरिंग आयोगाचे सर्वसामान्य लोकांसाठीचे दोन टप्पे: पहिल्याच्या खाली काळजी नाही, दुसऱ्याच्या वर उपाय करायलाच हवेत. कॅडमियमसाठी प्रौढांत ते १ आणि ४ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. रिपोर्टवर यातला कोणता आकडा आहे हे छापलेलं नसेल तर लाल-पिवळा-हिरवा रंग निरर्थक आहे.

लॅबची पारख करायला दोन गोष्टी मागाव्यात. एक, नेमक्या त्याच मार्करसाठी बाह्य गुणवत्ता चाचणीतला निकाल. जर्मनीची जी-इक्वास ही अशी चाचणी जगभरातल्या लॅब देतात. आयएसओ १५१८९ किंवा १७०२५ चं प्रमाणपत्र भिंतीवर असतं, पण त्याच्या व्याप्तीच्या यादीत तुमचा मार्कर आहे का ते वाचावं. दोन, आपण स्वतः दर दहा नमुन्यांमागे एक नमुना हलवून दोन बाटल्यांत विभागून वेगळ्या क्रमांकाने पाठवायचा, आणि एक बाटली शुद्ध पाण्याची. जोडीचे आकडे जुळले नाहीत किंवा पाण्यात धातू निघाला तर त्या खेपेचे सगळे आकडे थांबवायचे. खर्च थोडा वाढतो, पण हा खर्च कधीही कापू नये.

घरपोच किट आणि 'चॅलेंज' चाचणी

घरपोच किटमध्ये बहुधा सकाळची पहिली लघवी मागतात. धातूंसाठी ते चालेल. सॉल्व्हंटसाठी, प्लॅस्टिकमधल्या बिसफेनॉल-ए साठी, कीटकनाशकांच्या अवशेषांसाठी एका सकाळचा एक नमुना आदल्या रात्रीचं जेवण सांगतो, याहून फारसं नाही. हे पदार्थ काही तासांत निघून जातात आणि त्याच माणसाचा आकडा दिवसागणिक कितीतरी पट हलतो. शंभर पदार्थ मोजून प्रत्येकाची ९५ टक्क्यांची रेषा आखली, तर पूर्ण निरोगी माणसाचेही चार-पाच आकडे निव्वळ गणिताने लाल येणारच. त्याखाली 'डिटॉक्स' पावडरची शिफारस असेल तर तो रिपोर्ट विक्रीसाठीच लिहिला आहे. उपयोग एकाच ठिकाणी: एखादा ठरावीक संशय आहे, जसं जुन्या पारायुक्त उपकरणाची गळती, आणि किट तोच एक मार्कर योग्य बाटलीत, क्रिएटिनिनसह, चांगल्या लॅबकडून मोजून देत असेल तर.

'चॅलेंज' चाचणीत डीएमएसए, डीएमपीएस किंवा ईडीटीए देऊन मग लघवी घेतात. ही औषधं कुणाच्याही शरीरातून धातू बाहेर काढतात, ते त्यांचं कामच आहे. नंतर तो वाढलेला आकडा औषध न घेतलेल्या लोकांच्या संदर्भ आकड्याशी ताडतात आणि जवळजवळ प्रत्येकाला 'विषबाधा' ठरवतात. औषध घेतल्यानंतरच्या लघवीसाठी मान्य संदर्भ पातळीच अस्तित्वात नाही, आणि अमेरिकन कॉलेज ऑफ मेडिकल टॉक्सिकॉलॉजीने या चाचणीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. नुकसान पैशांपुरतं राहत नाही. डायसोडियम ईडीटीएमुळे रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली जाऊन झालेले मृत्यू सीडीसीने २००६ मध्ये नोंदवले आहेत, त्यांत मुलंही होती.

आकडा आल्यावर

औद्योगिक सेवा घेताना रिपोर्ट कुणाच्या हातात जाणार हे करारात लिहून घ्यावं. प्रत्येकाचा स्वतःचा आकडा त्याला आणि डॉक्टरला. व्यवस्थापनाला नावांशिवाय, खात्यानुसार गटाचे आकडे. असं नसेल तर लोक नमुन्याच्या दिवशी जड काम टाळतात, पाणी पिऊन लघवी पातळ करतात, आणि मग गोळा केलेली सगळी माहिती बिघडते. संमती आधी, समजावून, लेखी. धूम्रपान, औषधं, जेवण यांच्या प्रश्नावलीचा वापर निकाल समजून घ्यायलाच व्हावा, दोष कामगारावर ढकलायला होता कामा नये.

एकाच माणसाचा आकडा वर आला तर आधी नमुना पुन्हा घ्यावा आणि त्याच्या कामाची पद्धत शेजारी उभं राहून बघावी: मोजे कधी काढतो, चिंधी कशात बुडवतो, जेवायला कुठे बसतो. गटाचाच आकडा वर असेल तर माणसांत शोधू नये, वायुविजन आणि प्रक्रियेत शोधावं. त्याच खात्यात काम न करणाऱ्या काही जणांचे नमुने पहिल्या फेरीपासून सोबत घेतलेले असले तर हा फरक चटकन कळतो.

पुन्हा तपासणी कधी, हे रसायनावर. डीएमएफ, टोल्युइन, आयसोसायनेटसाठी उपाय केल्यावर पुढच्याच आठवड्यात त्याच कामाच्या दिवशी नमुने घेता येतात. कॅडमियमसाठी महिन्याभराने लघवी पुन्हा पाठवण्यात अर्थ नाही, मूत्रपिंडातला साठा वर्षानुवर्षं तसाच राहतो. तिथे अलीकडच्या काही महिन्यांचा संपर्क दाखवणारं रक्तातलं कॅडमियम मागवावं, आणि लघवीतला आकडा वर्षातून एकदा, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनसोबत.